टेबलाखालचा फिलिप

सणासुदीला मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे हा प्रश्न आपल्याला दिवाळीत पडतो, तसा युरोपातल्या बापांना नाताळात पडतो. १८४४ च्या नाताळाआधी तो फ्रँकफुर्टच्या हाइनरिख हॉफमन या डॉक्टरला पडला. मुलगा तीन वर्षांचा. दुकाने पालथी घातली, पण मिळाली ती लांबलचक उपदेशाची पुस्तके. शेवटी गृहस्थाने एक कोरी वही विकत घेतली आणि तीत स्वतःच चित्रे काढून, खाली पद्ये जुळवून ती मुलाला दिली. मित्रांच्या आग्रहाने १८४५ साली ती वही छापली गेली आणि पुढे ‘श्ट्रुव्वेलपेटर’, म्हणजे पिंजारलेल्या केसांचा पेटर, या नावाने जगभर गेली. खुद्द मार्क ट्वेनला तिचे इंग्रजी भाषांतर करण्याचा मोह १८९१ साली आवरला नाही.

पहिल्या आवृत्तीत नसलेली दोन मुले पुढच्या आवृत्त्यांत आली. त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे. एकाचे नाव चुळबुळ्या फिलिप आणि दुसऱ्याचे आकाशाकडे पाहणारा हान्स. पावणेदोनशे वर्षांनंतरही जर्मन माणूस स्वस्थ न बसणाऱ्या मुलाला ‘त्सापेलफिलिप’च म्हणतो. वैद्यकाच्या पुस्तकात ज्याला एडीएचडी म्हणतात, म्हणजे लक्ष टिकवून धरण्यातली उणीव आणि तिच्या जोडीला अतिचंचलता, त्या अवस्थेलाही तेथे बोलीभाषेत फिलिपचेच नाव चिकटले आहे.

फिलिपची गोष्ट चार ओळींत सांगता येईल. कुटुंब जेवायला बसले आहे. आज तरी हा पोरगा टेबलाशी स्वस्थ बसतो का, ते पाहू, असे वडील बजावतात. पोरगा खुर्चीवर पुढेमागे झुलतो, तोल जातो, आधारासाठी टेबलावरचे कापड धरतो आणि सूप, पाव, ताटल्या, सारे त्याच्यासकट खाली येते. एवढेच कथानक. पण लहान मुलांच्या पद्यातही कवीची नजर कोठे रोखली आहे, हे पाहण्यासारखे असते. हॉफमनची नजर नासलेल्या जेवणावर आहे. वडील संतापले, आईही संतापली, दोघांना खायला काही उरले नाही, हा शेवट. शेवटच्या चित्रात आईबाप उभे आहेत आणि मुलगा कापडाखाली पूर्ण झाकला गेला आहे. त्याला लागले का, हे कवी विचारत नाही.

या पद्यात मला सर्वांत अस्वस्थ करते ती आई. वडील बोलतात, दटावतात. ती गप्प राहून टेबलावर नजर फिरवते, आणि तिची ही मूक नजर पद्यात परत येते. ती मुलावर रागावली आहे, की नवऱ्याच्या पुढच्या शब्दाला भ्याली आहे, की पाहुण्यांदेखत हेच घडले होते ते तिला आठवते आहे? हॉफमनने तिला शब्द दिले नाहीत. विनोदी म्हणून लिहिलेल्या कृतीत हे मौन त्याच्या नकळत राहून गेले असावे. उत्तम निरीक्षकांच्या हातून असे होते. त्यांना दिसते ते त्यांच्या तात्पर्यापेक्षा जास्त असते.

हान्स निराळा. तो चुळबुळ करीत नाही, मोडतोड करीत नाही. शाळेच्या वाटेवर त्याची मान वर असते. पाखरे, ढग पाहत पाहत तो एके दिवशी थेट नदीत पडतो. एडीएचडीचे दुसरे रूप, म्हणजे दंगा न करता मनाने भलतीकडे असलेले मूल, डॉक्टरांच्या ध्यानात फार उशिरा आले. हॉफमनला मात्र ही दोन भावंडे एकाच पुस्तकात बसवावीशी वाटली. आणि हान्सच्या गोष्टीत एक तपशील असा आहे, की जो फिलिपच्या गोष्टीत नाही. दोन माणसे काठ्या घेऊन येतात आणि त्याला बाहेर काढतात. त्याचे दप्तर वाहून जाते, मासे हसतात, तो कुडकुडतो. पण तो बाहेर निघतो. कोण होती ही माणसे? त्यांना नावे नाहीत. ती वाटेने जात होती आणि त्यांच्याजवळ काठ्या होत्या.

हॉफमन पुढे फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख झाला. तेव्हा त्याने फिलिपच्या रूपाने रोगाचे पहिले वर्णन केले, असे सांगणारे पुष्कळ निघाले आहेत. चित्रातल्या पोराची नाडी पाहण्याचा हा प्रकार मला रुचत नाही. बापाने हौसेने लिहिलेले पद्य म्हणजे रुग्णपत्रिका नव्हे. डॉक्टरी वर्णन पाहायचे तर १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल याने दिलेली व्याख्याने पाहावीत. मुले बुद्धीने ठीक आहेत, तरीही स्वतःला आवरू शकत नाहीत, हे त्याने नेमके टिपले. पण त्याला नाव देताना नैतिक नियंत्रणाची उणीव असे म्हटले. म्हणजे डॉक्टरही फिलिपच्या बापाच्याच खुर्चीवर बसून पाहत होता. नावे नंतर बदलत गेली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथात १९६८ साली अतिचंचलतेवर भर होता, १९८० साली तो लक्षावर आला, १९८७ साली दोन्ही जोडली गेली. आज जगभरच्या अभ्यासांचा मेळ घातला तर शंभर मुलांमागे सुमारे पाचांना ही अवस्था असते, ती बहुतांशी आनुवंशिक असते, आणि कित्येकांची मोठेपणीही सुटत नाही, एवढे निश्चित झाले आहे. लाडाने किंवा आईच्या नोकरीने ती होत नाही.

फिलिपच्या आईला तोंड फुटले ते १९८७ साली, अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात. काही पालक आणि एक मानसशास्त्रज्ञ यांनी ‘चॅड’ ही संस्था काढली. आरंभी तिच्या नावात केवळ मुले होती. पुढे प्रौढ आले, कारण मुलाच्या तपासणीला आलेल्या बापांपैकी अनेकांनी प्रश्नावली वाचताना स्वतःलाच ओळखले. अशा बैठकीत काय होते, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको. खुर्च्या गोल मांडतात, चहाकॉफी असते, आणि एकजण सांगू लागतो: तिसऱ्यांदा छत्री हरवली, शाळेतून चिठ्ठी आली, सासरची माणसे म्हणतात की वळण नाही. ऐकणाऱ्यांना हसू येते, कारण तेच त्यांच्या घरी काल घडलेले असते. कोणता शिक्षक ऐकून घेतो, गोळी कोणत्या वेळी दिली तर जेवणाची वासना मरत नाही, ही माहिती तेथे फुकट मिळते.

पण बैठकीतून उठून ही माणसे कायद्याकडेही गेली. १९९० साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा अमेरिकन कायदा नव्याने होत असताना या अवस्थेला स्वतंत्र वर्ग मिळावा, ही मागणी मान्य झाली नाही. आणखी एक शिक्का तयार होईल, अशी धास्ती विरोधकांना वाटत होती, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. पालक हटले नाहीत. १६ सप्टेंबर १९९१ रोजी तेथील शिक्षणखात्याने लेखी खुलासा केला, की आधीच्याच कायद्यातील ‘इतर आरोग्यदोष’ या कलमाखाली या मुलांना साहाय्य मिळू शकते. परीक्षेत वाढीव वेळ, पुढच्या बाकावर जागा, गृहपाठ तुकड्या पाडून देणे, असल्या बारीकसारीक गोष्टींना त्यातून आधार मिळाला. फिलिपला उठून दोन फेऱ्या मारू दिल्या असत्या तर सूप वाचले असते, इतके साधे गणित ते आहे.

या संस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९५ साली अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर उघड झाले, की ‘रिटालिन’ हे औषध बनविणाऱ्या सीबा-गायगी कंपनीकडून चॅडला मोठमोठ्या रकमा मिळत होत्या. आणि त्याच सुमारास ही संस्था त्या औषधावरील सरकारी निर्बंध सैल करावेत, असा अर्जही करून बसली होती. औषध निरुपयोगी आहे असे मुळीच नव्हे. योग्य तपासणीनंतर अनेकांना त्याचा खरोखर गुण येतो. (त्याचे नाव ते तयार करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या पत्नीच्या, रिटाच्या, नावावरून ठेवले होते, एवढीच त्या इतिहासातली प्रेमकथा.) परंतु जो आपल्या वतीने बोलतो त्याच्या खिशात कोणाचे पैसे आहेत, हे आईबापांना आधी कळायला हवे होते. गैरसमजाशी झगडणाऱ्या संस्थेने आपल्याच हाताने संशयाला जागा करून द्यावी, ही चूक क्षुल्लक मानता येत नाही.

या चळवळीतून पुस्तके निघाली, आणि टीकाकाराचे खरे काम येथे सुरू होते. आपल्याकडे फडके-खांडेकरांच्या काळापासून कला कलेसाठी की जीवनासाठी, यावर शाई सांडली आहे. ही पुस्तके उघड उघड जीवनासाठी आहेत. त्यांना ललितकृतीची मापे लावणे अन्यायाचे होईल. तरी चांगले प्रचारी पुस्तक आणि वाईट प्रचारी पुस्तक, असा भेद उरतोच.

१९९३ साली केट केली आणि पेगी रामुंडो या दोघींनी लिहिलेले ‘यू मीन आय ॲम नॉट लेझी, स्टुपिड ऑर क्रेझी?!’ हे मला त्यातले सर्वांत जिवंत वाटते. दोघींनाही स्वतःला ही अवस्था आहे. शीर्षकातच प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह जोडीने उभे आहेत, आणि ती सजावट नव्हे. चाळीस वर्षे ऐकलेल्या शिव्या आपण खऱ्या मानून चाललो होतो, हे एका दुपारी कळल्यावर माणसाच्या तोंडून जो स्वर निघेल, तो हा आहे: निम्मा आनंद आणि निम्मा अविश्वास. पुस्तक मधूनमधून पसरट होते, विनोद कधी ओढून आणलेला असतो. पण बोलणारी व्यक्ती टेबलाच्या खालून बोलते आहे, हे पानापानावर जाणवते.

त्यानंतरच्या वर्षी आलेले एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रॅटी यांचे ‘ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन’ अधिक नीटनेटके, अधिक गाजलेले. लेखक मनोविकारतज्ज्ञ, आणि दोघेही या अवस्थेचे भागीदार. रुग्णांच्या कहाण्या ते गोडीने सांगतात. मात्र त्यांच्या मागोमाग जी लाट आली, तिच्यात चंचलतेला दैवी देणगी ठरविण्याची आणि जुन्या जुन्या प्रतिभावंतांच्या नावांची यादी देण्याची खोड शिरली. मेलेल्या शास्त्रज्ञाला आपल्या पंगतीत ओढून बसविण्याने विजेचे बिल वेळेवर भरले जात नाही. शिवाय ज्याच्यात चंचलता आहे, पण प्रतिभा बेताचीच आहे, त्या साध्या माणसाने कोठे जावे? तो पुन्हा टेबलाखालीच.

सारी सोल्डन हिचे स्त्रियांविषयीचे पुस्तक १९९५ चे. त्यात मोठी वाक्ये नाहीत, पण घर आहे. पसारा आवरताना मध्येच जुने पत्र सापडते आणि संध्याकाळ होते; कोणी येणार म्हटले की पोटात गोळा येतो; नवऱ्याच्या विसरभोळेपणाचे कौतुक होते आणि बायकोच्या विसरभोळेपणाचा गवगवा होतो. हे वाचताना अमेरिकेचे नाव विसरायला होते. दिवाळीच्या आठवड्यात चकलीच्या भाजणीपासून भाऊबिजेच्या ओवाळणीपर्यंत सारे एकाच डोक्यात ज्या घरी साठवावे लागते, तेथली सून ते पुस्तक अधिकच समजून वाचील.

आपल्याकडे काय आहे? फास्टर फेणे आहे. भा. रा. भागवतांनी त्या फुरसुंगीच्या पोराला सायकल दिली, मित्र दिले, ‘ट्टॉक’ दिले आणि धावायला सारे जग दिले. त्याला कोणता विकार होता की काय, हे विचारणे म्हणजे पुन्हा नाडी पाहणे. पण वेगवान मूल मोकळ्यावर हिरो आणि बाकावर गुन्हेगार ठरते, एवढे त्याच्यावरून सहज समजते. आणि २००७ सालचा ‘तारे जमीं पर’ आहे. त्यातल्या ईशानची अडचण अक्षरांची, डिस्लेक्सियाची, म्हणजे आपल्या विषयाची शेजारीण. दोन्ही अडचणी एकाच मुलात पुष्कळदा आढळतात. अमोल गुप्ते यांची पटकथा मुलाच्या नजरेत शिरते, हे तिचे मोठे यश. तथापि उत्तरार्धात एक शिक्षक येतो आणि सारे प्रश्न एका सत्रात सोडवितो. चित्रपटाला तारणहार सोयीचा असतो, पण मुलाला शाळा पुढे दहा वर्षे काढायची असते आणि शिक्षक दरवर्षी बदलतो. ईशानचे आईवडील दुसऱ्या एखाद्या ईशानच्या आईवडिलांना भेटत नाहीत. हान्सच्या गोष्टीतली ती काठीवाली माणसे येथे नाहीत. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, एडीएचडीचे नाव आले नाही. ते यावे की येऊ नये, यावर अमेरिकेत १९९० साली झाला तसा वाद आपल्याकडे व्हायला हरकत नाही. पण तो घालायला पालक आणि मोठे झालेले फिलिप एकत्र बसायला हवेत.

मराठीत हा विषय आणणाऱ्याला शब्दांची अडचण पडेल, तीही गमतीची. धांदरट, वेंधळा, अवखळ, द्वाड, भिरभिऱ्या, विसरभोळा. दोषाचे शब्द पाहिजे तेवढे आहेत. मुलाला आपण ‘लक्ष दे’ म्हणतो, जणू ते त्याच्या खिशात आहे आणि तो देत नाही. स्वतःविषयी बोलताना मात्र ‘लक्ष लागत नाही’ म्हणतो, म्हणजे दोष लक्षाचा. केली-रामुंडोंच्या पुस्तकाचे नाव भाषांतरित करू गेले तर ‘आळशी’ आणि ‘मठ्ठ’ विनासायास बसतात. ते शब्द स्त्रीला आणि पुरुषाला सारखेच चालतात. तिसऱ्या शब्दाशी मात्र भाषांतरकाराला थांबावे लागेल. इंग्रजीला तेथे लिंग नाही; मराठीत वेडा की वेडी, ते ठरवावे लागते. लेखिका दोघी आहेत. मी असतो तर ‘वेडी’ लिहिले असते.