अगाडी-पिछाडी तोबऱ्यात : थोरल्या बाजीरावांच्या एका चित्राबद्दल

दरवर्षी २८ एप्रिल जवळ आली की आपल्या मंडळींच्या फोनवर थोरल्या बाजीरावांची चित्रं फिरू लागतात. बहुतेक चित्रांत घोडा मागच्या दोन पायांवर उभा असतो, नाकपुड्या फुगलेल्या, आयाळ वाऱ्यावर, आणि वर बाजीराव तलवार उपसून बसलेले. मागे ज्वाळा नाहीतर मावळता सूर्य. इंदूरहून सनावदमार्गे रावेरखेडीच्या समाधीला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात हेच चित्र असतं. बाजीरावांवरच्या प्रेमाबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. माझी तक्रार त्या घोड्याबद्दल आहे.

कारण याच माणसाचं दुसरं एक चित्र आपल्याकडे आहे, आणि ते कितीतरी जास्त बोलतं. ते शब्दांत आहे. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात एक गोष्ट सांगितली आहे. निजामाविरुद्धच्या सुरुवातीच्या एका मोहिमेत दोन्ही फौजा जवळजवळ तळ देऊन होत्या. निजामाने आपल्या पदरच्या चिताऱ्याला पाठवलं : जा, आणि बाजीराव पहिल्यांदा जसा नजरेस पडेल तसाच काढून आण. चिताऱ्याने आणलेल्या चित्रात बाजीराव घोड्यावर होते. घोड्याचे पुढचे-मागचे दोर त्याच्याच तोबऱ्यात कोंबलेले, अगदी साध्या मराठा स्वाराचे असावेत तसे. भाला खांद्यावर टेकलेला. आणि दोन्ही हातांनी ज्वारीची पिकलेली कणसं चोळून दाणे खात स्वारी चाललेली.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. व्याख्यानांत ती हमखास येते आणि प्रत्येक वेळी तिचा एकच अर्थ काढला जातो : पाहा, केवढी साधी राहणी! पेशवा असून शिपायासारखा राहिला! टाळ्या पडतात आणि वक्ते पुढे सरकतात. मला वाटतं, इथेच चित्र वाचायचं राहून जातं. आयुष्याची तीसेक वर्षं मी यंत्रांच्या नकाशांत काढली आहेत. नकाशात एखादा भाग दाखवला असेल तर तो तिथे का आहे, हा प्रश्न पहिला पडतो. मग या चित्रातले दोर तिथे का आहेत?

अगाडी म्हणजे घोड्याच्या तोंडाकडचा दोर, पिछाडी म्हणजे मागच्या पायांचा. दोन्ही जमिनीत मेखा ठोकून बांधायचे, की घोडा जिथे उभा तीच त्याची पागा. तबेला नको, दावण नको, झाड नको. तोबरा म्हणजे चंदीची पिशवी, घोड्याच्या तोंडाला अडकवायची. तिच्यामुळे दाणा मातीत सांडत नाही, आणि ओळीत उभ्या घोड्यांत शेजारचा दांडगा घोडा आपल्या घोड्याचा वाटा खाऊ शकत नाही. आता हे दोन्ही जिन्नस स्वाराबरोबर, त्याच घोड्यावर आहेत. म्हणजे मागून मोतद्दार, सामानाचा उंट किंवा बैल येईपर्यंत थांबायची गरज नाही. उतरलं की मुक्काम, चढलं की कूच. ज्याला लोक साधेपणा म्हणतात ती मला सरळसरळ रचना वाटते : घोडा आणि स्वार मिळून एक पुरतं युनिट, स्वतःपुरतं सगळं बरोबर घेतलेलं. सेनापतीच्या घोड्यावरही तेच सामान आहे, यावरून त्या फौजेचा वेग कुठून येत होता ते कळतं. फौजेचा वेग तिच्यातल्या सर्वांत संथ भागाएवढाच असतो, आणि इथे तो संथ भागच काढून टाकला आहे.

तोबरा रिकामा आहे हेही बघा, कारण त्यात दोर आहेत. घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान असतं, आठ ते पंधरा लिटरचं. बैलासारखं भरपूर खाऊन मग निवांत रवंथ करत बसणं त्याला जमत नाही. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडंथोडं चरत असतो. त्याला उलटीही होत नाही, त्यामुळे चुकीचं किंवा एकदम खाल्लेलं आत अडकतं आणि पोटशुळाने घोडा मरतो. थोडक्यात, टाकी लहान आणि चुकीला माफी नाही. म्हणून घोडदळाची वाट ही चाऱ्याची आणि पाण्याची वाट असते. उभी ज्वारी म्हणजे माणसाला दाणा आणि जनावराला कडबा, एकाच शेतात. स्वार कणसं चोळतो आहे त्याअर्थी फौज पिकांच्या मुलखातून, पिकांच्या हंगामात चालली आहे. रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात तयार होते, आणि पालखेडला निजामाची कोंडी झाली ती फेब्रुवारी १७२८ मध्ये. मुंगी-शेवगावचा तह ६ मार्चचा. हंगाम जुळतो. यावरून चित्र त्याच मोहिमेतलं ठरत नाही, पण पालखेडला निजाम कशाने हरला हे आठवायला हरकत नाही : अवजड तोफखाना मागे राहिला, आणि पाण्याची, रसदेची वाट तुटली.

आता हातांकडे येऊ. दोन्ही हात कणसांत आहेत. म्हणजे वाग कुठे आहे? घोड्याच्या मानेवर, ढिली. चिताऱ्याला बहुधा याचंच नवल वाटलं असेल. दरबारी चित्रांतल्या घोड्याची मान कमानीसारखी वळलेली असते, हनुवटी छातीकडे ओढलेली, तोंडात कडक लगाम. ती मान दिसते सुंदर, पण तिच्यावर मजल मारता येत नाही. घोड्याचं डोकं आणि मान मिळून त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा भरतो, आणि चालताना तो हा दहावा हिस्सा वरखाली झुलवत तोल सांभाळतो. पावलागणिक डोकं हलतं ते उगाच नाही. वाग ताणून धरली की हा झोका बंद पडतो, पाठ ताठरते आणि घोडा लवकर थकतो. ढिल्या वागेचा घोडा मान लांब करून, नाक पुढे काढून चालतो. दिसायला अगदीच सामान्य, पण संध्याकाळपर्यंत टिकणारा.

आणि हात सोडून बसायचं तर मांड पक्की हवी. खोगीरभरती हा शब्द आता आपण फक्त निरुपयोगी भरणा अशा अर्थाने वापरतो, पण खऱ्या खोगिराची भरती नीट नसेल तर घोड्याच्या पाठीला घारे पडतात आणि स्वार पायी येतो. त्या गादीवर बसलेला स्वार घोड्याला मांडीच्या दाबाने आणि अंगाच्या कलाने सांगतो. घोड्याच्या कातडीला माशी बसलेली कळते, तर मांडीचा दाब का कळू नये? शिवाय घोडा हा कळपाचा प्राणी आहे. पुढचे चालत असतील तर तो चालतो, सगळे थांबले की थांबतो. कूचच्या वेळी वाग मानेवर टाकता येते ती या स्वभावाच्या भरवशावर. मात्र अचानक काही फडफडलं तर हाच प्राणी उडी मारून बाजूला होतो, तेव्हा असा भरवसा मुरवलेल्या घोड्यावरच ठेवता येतो.

चालही ठरवता येते. भाला नुसता खांद्यावर टेकलेला आहे, हात दुसऱ्या कामात आहेत. दुडकीत घोड्याचे तिरपे दोन-दोन पाय एकदम पडतात आणि स्वाराला हिसका बसतो. त्या हिसक्यात भाला घसरेल, दाणे सांडतील. म्हणजे घोडा कदमावर आहे, किंवा रहवाल चालणारा आहे. रहवाल ही काठेवाडी आणि मारवाडी घोड्यांत अजून दिसणारी चाल, तिच्यात चारही पाय वेगवेगळे पडतात आणि पाठ जवळजवळ स्थिर राहते. चौखूर उधळलेला घोडा या चित्रात बसतच नाही. लांबच्या मजला अशाच संथ, न थांबणाऱ्या चालीवर होतात. चौखूर दौड काही किलोमीटरपुरती, तीही वेळ आली तर.

यावर एक आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. ग्रँट डफचं पुस्तक त्या मोहिमांनंतर सुमारे शंभर वर्षांनी आलं. गोष्ट लोकांच्या तोंडी फिरून त्याच्यापर्यंत पोचली असणार, आणि शत्रूचा चितारी इतक्या जवळ गेला कसा, असं कुणीही विचारील. ठीक आहे, क्षणभर धरून चालू की ती रचलेली आहे. मग ज्याने रचली त्याला घोडा माहीत होता. दोर तोबऱ्यात ठेवायचे असतात हे त्याला ठाऊक होतं, भाला, हात आणि चाल एकमेकांशी जुळतात हेही. वीरपुरुषाची गोष्ट रचताना त्याने तलवार आणि उधळलेला घोडा निवडला नाही. ज्या समाजात प्रत्येक शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचं भांडवल होतं, घोडा मेला की नोकरी गेली, त्या समाजाची ही नजर आहे. बारगिराचा घोडा निदान सरकारी तरी असे, शिलेदाराचा स्वतःचा. मराठे उघड्या मैदानात भिडायला टाळत, असं परक्यांनी हिणवून लिहिलं आहे. स्वतःचं भांडवल तोफेच्या तोंडी कोण देईल?

मग मागच्या पायांवर उभा घोडा आपल्याकडे कुठून आला? तो बऱ्याच अंशी युरोपातून आला. तिथे घोड्याला मागच्या पायांवर तोलून धरणं ही राजेरजवाड्यांच्या रिंगणातली शिकवण होती, आणि शिल्पकारांना ते आव्हान होतं. पिएत्रो टाकाने १६४० साली स्पेनच्या चौथ्या फिलिपचा असा पुतळा केला. तोल साधायला गॅलिलिओचा सल्ला घेतला होता असं सांगतात, आणि शेपटीचाही आधार आहेच. इंजिनियर म्हणून मी त्या पुतळ्याला नमस्कार करतो. जिवंत घोड्याचं गणित निराळं. उभ्या घोड्याचं साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. ते सगळं मागच्या सांध्यांवर घेऊन तो काही क्षणच राहू शकतो, आणि रिंगणाबाहेर तो असं करतो ते भेदरला किंवा झुंजायला उठला तर. नेपोलियनचंच उदाहरण बघा. दाविदने त्याला आल्प्स ओलांडताना उसळत्या घोड्यावर दाखवलं, आणि प्रत्यक्षात १८०० साली तो खेचरावर बसून गेला होता. पुढे दलारोशने तो खेचरावरचा, थंडीने काकडलेला नेपोलियन काढला. भिंतीवर मात्र दाविदचाच लागतो.

याच्याच जोडीला पायांची ती ‘सांकेतिक भाषा’ आहे, जी हल्ली हेरिटेज वॉकमध्येही ऐकवतात : पुतळ्यातल्या घोड्याचे दोन पाय वर तर वीर रणात पडला, एक वर तर जखमांनी गेला, चारही खाली तर अंथरुणात. याला काही आधार नाही. चौथा फिलिप रणात पडला नाही, आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये ज्याचा घोडा कड्यावर उसळलेला आहे तो पीटरही आजाराने गेला. बाजीरावांना रावेरखेडीला तापाने गाठलं. या नियमाने त्यांच्या प्रत्येक चित्रातल्या घोड्याचे चारही पाय जमिनीवर हवेत. नियम सांगणाऱ्यांनाच उसळता घोडा कसा चालतो, कुणास ठाऊक.

पुढच्या प्रदर्शनासाठी आपल्या मंडळींपैकी कुणी नवं चित्र करून घेणार असेल तर चित्रकाराला एवढं जरूर सांगावं. घोडा लहान चणीचा, भीमथडी बांध्याचा. त्या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून अलीकडे नोंद झाली आहे, नमुना म्हणून जिवंत जनावर बघायला मिळतं. मान लांब, वाग मानेवर सैल. एक कान पुढे, एक मागे स्वाराकडे वळलेला, कारण निवांत पण लक्ष असलेला घोडा कान असेच ठेवतो. दोराचं एखादं टोक तोबऱ्याबाहेर लोंबत असू द्या. चेहरा रागीट नको. माणूस जेवतो आहे.