कसा झालाय?

मी आयुष्यात एकाही पुस्तकाचं परीक्षण लिहिलेलं नाही. तरीही समीक्षक म्हणून माझी कारकीर्द चांगली सव्वीस वर्षांची आहे आणि ती सगळीच्या सगळी बल्लारपुरातल्या एका कचेरीत, दुपारी चार ते सव्वाचारच्या दरम्यान पार पडली. माझा अभ्यासविषय म्हणजे सहकाऱ्यांनी घरून करून आणलेला केक. या वाङ्मयप्रकाराकडे मराठी समीक्षेचं लक्ष अजून कसं गेलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. कवितेला जमत नाहीत तेवढे रसिक केकभोवती जमतात, आणि न बोलावता जमतात.

पूर्वी आमच्याकडे पेढे असत. पेढा बातमी घेऊन येतो. मुलगा पास झाला, प्लॉट घेतला, बदली रद्द झाली. पेढा तोंडात टाकायचा, 'अभिनंदन' म्हणायचं आणि फाइल पुढे ओढायची. पेढा कसा आहे हे कोणी कोणाला विचारत नाही, कारण तो हलवायाने केलेला असतो आणि हलवाई तिथे उभा नसतो. घरचा केक मात्र बातमी आणत नाही, प्रश्न आणतो. 'कसा झालाय?' आणि ज्यांनी तो केलेला असतो त्या व्यक्ती टेबलाला टेकून, तुमचा घास कुठवर उतरला ते न्याहाळत उभ्या असतात. पुस्तक वाचून होईपर्यंत लेखक असे समोर उभे राहिले असते, तर समीक्षेचा धंदा कधीच बुडाला असता.

आमच्या कचेरीत पहिला केक आणला तो अकाउंट्सच्या बाईंनी. त्या वेळी ओव्हन कोणाच्या घरी होता! कुकरची शिट्टी आणि रबर काढून ठेवायचं, तळाशी वाळू पसरायची आणि त्यावर केकचं भांडं. वाळू अर्थातच वर्धा नदीची, दोनदा धुतलेली. तरी तिने आपला अंश केकात सोडलाच होता. माप वाटीचं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने मराठी घरांना वाटी-चमच्याची भाषा दिली आणि कितीतरी नवे संसार सावरले, त्याबद्दल मला आदरच आहे. पण आमटी वाटीचं ऐकते. कमीजास्त झालं तर थोडं पाणी, थोडा गूळ, आणि आमटी सांभाळून घेते. केक सांभाळून घेत नाही. मैदा आहेरात आलेल्या वाटीने मोजला, साखर सासूबाईंच्या वाटीने मोजली आणि सोडा पोह्याच्या चमच्याने घातला, की तो सगळा हिशेब वर काढून दाखवतो. अकाउंट्समधल्या माणसाच्या हातून असं व्हावं, हे विशेष.

तो केक मला अजून आठवतो. कडेने वीट, मध्ये खड्डा, खड्ड्यात शिरा. घाट चांगला, आशय कच्चा. मी तेव्हा तरुण होतो आणि समीक्षकाने सत्य बोलावं असं मला वाटत असे. मी म्हणालो, "बाई, सोडा जास्त पडलाय. आणि मध्येच झाकण उघडून पाहिलंत ना?" आता यात चूक काय होती? सोडा जास्त झाला की केक भराभरा फुगतो, त्याच्या भिंती अजून ओल्याच असतात, त्या तो भार पेलत नाहीत आणि मधला भाग बसतो. वर जिभेला साबणाची चव. त्यात निम्म्या वेळी झाकण काढलं की वाफ गेली, ऊब गेली, जे काही उभं होतं तेही बसलं. शास्त्र माझ्या बाजूला होतं.

"हो का, भाऊ?" बाई एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर माझं प्रवासभत्त्याचं बिल तीन वेळा परत आलं. एकदा तिकिटाचा नंबर अस्पष्ट म्हणून, एकदा सही रेघेच्या खाली म्हणून, आणि एकदा गावाचं नाव 'बल्लारपूर' आणि स्टेशनचं नाव 'बल्हारशाह' असं वेगवेगळं लिहिलं म्हणून. आता गाव बल्लारपूर आणि स्टेशन बल्हारशाह, हे या गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण बाईंनी लाल शाईने विचारलं होतं, 'नेमके कोठे गेला होतात?' दोन महिन्यांनी त्यांचा दुसरा केक आला. मी पहिला घास तोंडात असतानाच म्हणालो, "छान!" सोमवारी बिल पास झालं.

तेव्हापासून मी आस्वादक समीक्षेकडे वळलो. 'छान' हा शब्द ज्या कोणी मराठीत आणला त्याचा पुतळा प्रत्येक कचेरीत बसवला पाहिजे. तोंड भरलेलं असताना म्हणता येतो, कशाचीही जबाबदारी घेत नाही. पण सारखा 'छान' म्हटला की लोकांना संशय येतो, म्हणून आम्ही हळूहळू बाकीची परिभाषा तयार केली. 'वेगळाच लागतो' म्हणजे पुन्हा आणू नका. 'साखर बेताची आहे, ते बरं' म्हणजे चवच नाही. 'घरचं ते घरचं' म्हणजे बाजारात हा कोणी घेतला नसता. 'पोट भरलं बुवा' हे फक्त पहिल्या घासानंतर म्हणायचं. आणि 'पाककृती द्या हं' हे सर्वांत क्रूर. कारण तो कागद पुढे वर्षभर त्यांना आपल्या टेबलाच्या काचेखाली दिसत राहतो आणि केक मात्र आपण कधीच करत नाही.

मधल्या काळात ओव्हन आले, मोबाइलवरचे व्हिडिओ आले, आणि २०२० सालच्या टाळेबंदीनंतर तर केक न करणारं घर दाखवा असं म्हणायची पाळी आली. त्या सगळ्यांबद्दल लिहीत नाही. एवढंच सांगतो, की मे महिन्यात शेहेचाळीस अंशांत लोण्याच्या आयसिंगचा केक स्कूटरवरून आणू नये. 'हॅपी बर्थडे सर' मधला 'सर' पोचेपर्यंत डब्याच्या बाहेर गेलेला होता.

२०२३च्या जानेवारीत ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेच्या अध्यक्ष प्राध्यापक सुझन जेब यांनी लंडनच्या 'टाइम्स'ला सांगितलं, की ऑफिसात कोणी केक आणलाच नाही तर आपण दिवसभरात तो खाणारही नाही. आणि या आणण्याची तुलना त्यांनी दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर गिळावा लागण्याशी केली. हे त्यांचं वैयक्तिक मत होतं, तरी तिकडे गदारोळ झाला. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण कचेरीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून अजून काढलेलं नाही, म्हणून बातमी मलाही आली. बाईंनीच पाठवली होती. मी अंगठा दाखवला. विदुषींबद्दल पूर्ण आदर राखून मला वाटतं, की त्यांना चांगले केक मिळत असावेत. आमच्याकडे मोह आवरण्याचा प्रश्नच फारसा येत नसे.

एकदा मात्र आला.

आमच्या स्टोअरमध्ये एक केरळी गृहस्थ होते. सगळे त्यांना चेट्टन म्हणत. बल्लारपूर हे गावच असं, की कागद, कोळसा आणि रेल्वे यांच्यामागे देशभरची माणसं इथे आली आणि राहिली. चेट्टन दर नाताळला प्लम केक आणत. तिकडे या केकची परंपरा मोठी. १८८३ साली तलश्शेरीच्या मंबळ्ळी बापूंनी एका इंग्रज मळेवाल्यासाठी पहिला केक केला. साहेबाने त्यात फ्रेंच ब्रँडी घालायला सांगितलं होतं आणि बापूंनी घातली गावठी, असं सांगतात. चेट्टनही मनुका-काजू महिनाभर रममध्ये भिजवत. पण १ एप्रिल २०१५पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागली, ती पुढे २०२१ साली उठली. शेजारचे वर्धा नि गडचिरोली जिल्हे आधीच कोरडे. त्या डिसेंबरात चेट्टनचा डबा उघडला आणि एक घमघमाट सुटला. बल्लारपूरकराचं नाक कागदाच्या लगद्याच्या वासावर पोसलेलं, ते असं सहजी हलत नाही. त्या दिवशी ते हललं. कोणीतरी हळूच म्हणालं, "यात 'ते' आहे."

बस्स. जे लोक केक आला की मधुमेह सांगत, ते रांगेत उभे राहिले. गुरुवारवाले आले. अंडं न चालणारे म्हणाले, आज चालेल. एक वरिष्ठ तर दोनदा आले, दुसऱ्यांदा चश्मा काढून. कोणी 'छान' म्हणालं नाही. सगळे डोळे मिटून, जबाबदारीने चावत होते. डबा सात मिनिटांत रिकामा. मग चेट्टननी शांतपणे सांगितलं, की फळं नागपुरी संत्र्याच्या रसात भिजवली होती, कायदा म्हणजे कायदा. तरी एकाने पैजेवर सांगितलं की त्याला थोडी चढली आहे. केक म्हणून विचाराल तर तो मी खाल्लेला सर्वांत चांगला केक होता, आणि तो कसा होता हे त्या दिवशी कोणीही पाहिलं नाही.

पुढच्याच उन्हाळ्यातली गोष्ट. आमचा शिपाई धानोऱ्याच्या बाजूचा, गडचिरोलीकडला. इतकी वर्षं केक कापायला सुरी तोच आणून देई आणि त्याच्या वाट्याला येई तो कोपरा. एके दिवशी चार वाजता तो स्वतःच स्टीलचा डबा घेऊन टेबलाटेबलावरून फिरू लागला. "घ्या न जी. मोहाचे लाडू हायेत. पोरगी पोलीसमंदी लागली. बुढीनं केले."

मोहाची फुलं चैत्राच्या सुमाराला पहाटे झाडाखाली पडतात, आयाबाया ती वेचून वाळवतात. भाजून, तिळाबरोबर उखळात कुटून त्यांचा लाडू करतात. गूळही लागत नाही. फुलात दारू नसते, ती आंबवून काढावी लागते. पण आपल्याकडे मोहाचं फूल म्हटलं की डोळ्यांपुढे भट्टीच येते. १९४९च्या दारूबंदी कायद्यातही या फुलांवर नाव घेऊन बंधनं घातलेली होती. कचेरीत हशा पिकला. "घरी जाता येईल ना रे?" "साहेब, तोंडाचा वास घ्या याच्या." चार महिन्यांपूर्वी रांगेत उभे राहिलेले तेच लोक. प्रत्येकाने लाडू घेतला, अभिनंदन केलं, 'छान' म्हटलं. मीही म्हटलं. आणि लाडू कागदात गुंडाळून खणात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाण्याचा ग्लास माझ्या टेबलावर ठेवला आणि तसाच उभा राहिला. "बाबूजी, लाडू कसा झालता जी? तीळ तं करपले नव्हते?"

"छान," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की कचेरीतल्या कागदाच्या टोपल्या रोज संध्याकाळी तोच रिकाम्या करतो. काल कोणाच्या टोपलीत काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. माझ्या टोपलीत लाडू नव्हता. म्हणून त्याने मला विचारलं होतं.

मी खण उघडला. लाडवाला मुंग्या लागल्या होत्या. त्या झटकल्या आणि खाल्ला. आधी मनुकांसारखा गोड, मग जरा धुरकट, मग एक रानटी वास, जो घशात उतरल्यावरही नाकात राहतो. मी सावकाश चावत होतो. समोरून बाई पाहत होत्या.

मग उठलो आणि दारापाशी त्याच्या स्टुलाजवळ गेलो. म्हणालो, "तीळ जरा जास्त भाजलेत. शेवटी कडवट लागतो. फुलं मात्र नीट निवडलेली आहेत, कुठे दाताखाली माती आली नाही."

त्याचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं मी चुकून 'छान' म्हणालो की काय.

"होय न जी! मी बुढीले तेच म्हनलो. ऐकेच ना." त्याने स्टुलाखालून डबा ओढला आणि माझ्यापुढे धरला. "हा घेऊन पाहा. हा दुसऱ्या खेपेचा हाये."