दोन-तीन प्रती

कारंजा तहसीलच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानात कागद पुढे केला की पोरगा मान वर न करता विचारतो, "किती?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं: तीन. एक ऑफिसात द्यायची, एकीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्यायचा, एक घरी पेटीत ठेवायची. अर्ज संत्र्याच्या गारपिटीचा असो की सातबारावरच्या नावाचा, "पोच घेतली ना?" हे विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी कुणाला सोडत नाही.

परवा मी त्या दुकानात एका जुन्या पत्राची प्रत काढली. पत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेलं. त्यावर तारीख नाही. ड्यू बॉइस यांचं उत्तर मात्र ३१ जुलै १९४६ चं आहे, त्यावरून काळ कळतो. मूळ पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, ड्यू बॉइस यांच्या कागदपत्रांत जपलेलं आहे. इंग्रजीतली जेमतेम सात-आठ वाक्यं. दुकानातल्या पोराने एक नजर टाकली आणि विचारलं, "अर्ज आहे का?" मी हो म्हटलं. नंतर वाटलं, याहून नेमकं वर्णन मलाही सुचलं नसतं.

अर्जात आधी अर्जदार स्वतःची ओळख सांगतो. आंबेडकर ती कशी सांगतात ते बघण्यासारखं आहे. आपली भेट झालेली नाही, पण दडपलेल्यांच्या स्वातंत्र्यासाठी झटणारा प्रत्येक जण तुम्हाला नावाने ओळखतो, तसा मीही ओळखतो, असं आधी म्हणतात. लगेच पुढे, मी भारतातल्या अस्पृश्यांपैकी आहे. माझं नाव कदाचित तुमच्या कानावर आलं असेल. बस्स. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात चार वर्षं मजूर खातं सांभाळलेला माणूस हे लिहितोय. १९१३ ते १९१६ न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काढलेला, काळ्यांच्या हार्लेम वस्तीपासून हाकेच्या अंतरावर शिकलेला माणूस! मी तुमच्या देशात राहिलोय, हे सांगायचा मोह कुणाला झाला नसता? पत्राच्या मजकुरात ना पदवी आहे, ना हुद्दा. ड्यू बॉइस हे हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्यापुढे कोलंबियाचं नाणं सहज खणखणलं असतं. आंबेडकरांनी ते खिशातच ठेवलं आणि अस्पृश्य असणं हाच आपला परिचय केला. 'कदाचित' या शब्दात मला नम्रतेइतकाच ताठपणाही दिसतो.

मग पत्राचं मर्म येतं. निग्रोंच्या प्रश्नाचा (तेव्हाचा रूढ शब्द) मी विद्यार्थी आहे, तुमचं लेखन वाचत आलो आहे, असं सांगून ते म्हणतात की दोघांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की त्या प्रश्नाचा अभ्यास आम्हाला स्वाभाविक तर आहेच, आवश्यकही आहे. दुसरा कुणी असता तर साम्य म्हटल्यावर भावाभावाच्या गळाभेटीकडे वळला असता. हा गृहस्थ अभ्यासाकडे वळतो. साम्य आहे म्हणतो, एकच आहे म्हणत नाही. स्वाभाविक आणि आवश्यक यांमधली पायरीही मोठी आहे. शेजारच्या गावात पूर आला तर आपण बघायला जातो ते स्वाभाविक. त्यांनी बंधारा कसा घातला ते मोजून आणणं आवश्यक.

आता अर्जाचा विषय. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे गाऱ्हाणं मांडल्याचं वाचलं. अस्पृश्यही तसं करायचा विचार करताहेत. त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मिळवून पाठवाल का? मला या 'दोन-तीन'चं फार अप्रूप वाटतं. एक प्रत वाचून हळहळायला पुरते. दोन-तीन मागणाऱ्याला मसुदा करायचा असतो. एकीवर रेघा ओढायच्या, एक सहकाऱ्याकडे द्यायची, एक कोरी ठेवायची. सहानुभूतीचा शब्दही न मागता हा माणूस नमुना मागतो.

ती वेळही लक्षात घ्यायला हवी. १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची वाताहत झाली होती आणि कॅबिनेट मिशनने अस्पृश्यांच्या वेगळ्या हक्कांना जागाच दिली नव्हती. घरची दारं लागली होती. त्याच जूनमध्ये भारत सरकारने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध संयुक्त राष्ट्रांत तक्रार नेली, कारण तिथल्या नव्या कायद्याने भारतीयांनी जमीन कुठे घ्यावी, राहावं कुठे, यावर रंगाची रेघ ओढली होती. जुलैत व्यापारही बंद केला. ८ डिसेंबरला आमसभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताची बाजू उचलून धरली. वंशभेद हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला नाही, हे जगाने तिथे पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. आपल्याला अभिमान वाटावा असंच ते आहे. फक्त गावकुसाबाहेरच्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल, तेवढं हे पत्र सांगून जातं, आणि तेही दक्षिण आफ्रिकेचं नाव न घेता.

हा धागा काही एकाएकी जुळला नव्हता. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना. १९३७ च्या सुरुवातीच्या सुमाराला तिकडचे बेंजामिन मेज आमच्या वर्ध्याला येऊन गांधीजींशी अहिंसेबद्दल आणि जातीबद्दल बोलून गेले. हे मेज पुढे मार्टिन ल्यूथर किंगचे गुरू. पण वर्ध्याच्या त्या भेटीत एक पाहुणा दुसऱ्याच्या दुःखाची चौकशी करतो. आंबेडकरांच्या पत्रात ज्याचं दुःख तोच लिहितो.

ड्यू बॉइस यांचं उत्तर सज्जनाचं आहे, पण मला जरा कोरडं वाटतं. नॅशनल निग्रो काँग्रेस या छोट्या संघटनेचं निवेदन सोबत जोडतो. याहून भक्कम, पुराव्यांचं निवेदन दुसरी मोठी संघटना देईल, तेव्हा तेही पाठवीन. तुमचं नाव आणि काम ऐकून आहे, अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. न मागितलेली सहानुभूती मिळाली. दोन-तीन प्रतींच्या जागी, त्या उत्तरावरून दिसतं, एकच गेली. ते मोठं निवेदन ऑक्टोबर १९४७ मध्ये सादर झालं. अमेरिकेने त्याची दाद लागू दिली नाही.

आणि इकडचा अर्ज? सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये संसदेत त्यावर निवेदन करायला उभे राहिले, तर उपसभापतींनी निवेदनाची प्रत आधी हवी म्हणून धरलं. आंबेडकर सभागृह सोडून निघाले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. त्यात ते सांगतात की अनुसूचित जातींच्या स्थितीवरचा अहवाल संयुक्त राष्ट्रांसाठी मी तयार केला होता, पण पाठवला नाही. घटना समितीला आणि पुढच्या संसदेला आधी संधी द्यावी असं वाटलं.