नभोवाणीच्या चौकटीतील लोकगीत

नभोवाणीने लोकगीते टिकविली, हे विधान लोकवाङ्‌मयाच्या चर्चेत बहुधा निर्विवाद मानले जाते. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा ह्या गावाच्या बाजूने पाहिले असता मात्र ते तपासून घेणे आवश्यक ठरते.

कडा हे मराठवाड्याच्या पश्चिम सीमेलगतचे गाव. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल ह्या काळात युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्राने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. दीडशे खेड्यांतील मंडळे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. ह्या प्रयोगाच्या पाच जिल्ह्यांत शेजारचा अहमदनगर होता. बीड नव्हता, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात मोडत होता. ओवी दोन्हीकडे एकच. लहरींना हद्द ठाऊक नसली, तरी कार्यक्रम आखणाऱ्यांना ती ठाऊक होती.

परंतु हद्दीपेक्षा घड्याळाचा प्रश्न अधिक मूलगामी आहे. गोंधळ रात्रभर चालतो. त्यात देवतांना आवाहन आहे, आख्यान आहे, नायक गोंधळी व त्याचा साथीदार ह्यांची सवालजबाबाची थट्टा आहे. दहा-पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात ह्यांतले पद तेवढे उरते. ज्या कथेसाठी ते पद, ती कथा गळते. भारुडाचेही तेच; सोंग दिसत नाही, आणि समोरच्या श्रोत्याला मारलेली कोपरखळी ध्वनिक्षेपकासमोर निरर्थक होते. पोवाड्याचे नुकसान त्या मानाने कमी झाले, कारण तो मुळातच जनसमूहाला उद्देशून उंच स्वरात सांगितलेला असतो. अमेरिकेतही असेच घडले. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर १९२५ मध्ये सुरू झालेला ग्रामीण संगीताचा कार्यक्रम हा शनिवारच्या रात्रीचा मेळावाच होता. पुढे दिवसभर ध्वनिमुद्रिका वाजविणारी केंद्रे निघाली, तेव्हा मेळावा मागे पडून तीन मिनिटांचे गाणे पुढे आले.

घड्याळाशी जुळवून घेतलेली रचना कमअस्सल असते, असा ह्याचा अर्थ नव्हे. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे केंद्राने प्रसारित केलेले माडगूळकर-फडके ह्यांचे छप्पन्न गीतांचे 'गीतरामायण' हे नभोवाणीच्या साप्ताहिक चौकटीचेच अपत्य आहे. तेथे चौकट आधी होती व काव्य तिच्यासाठी जन्मले. केसकरांच्या कारकिर्दीत चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ मज्जाव झाला, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती अवतरली; ह्या ओढाताणीत सुगम संगीताला प्रतिष्ठा लाभली, आणि कवीने लोकगीताच्या वळणावर लिहिलेले गीत हळूहळू लोकगीताच्या जागी बसले. श्रोत्यांना हा बदल जाणवला नाही, हेच त्याचे यश.

सर्वांत मोठी गैरसोय झाली ती जात्यावरील ओवीची. तिला आरंभ नाही, शेवट नाही. दळण सरले की ती थांबते. श्रोता असलाच तर जात्याचा खुंटा धरणारी दुसरी बाई. हेमा राईरकर व गी प्वातवँ ह्यांनी संकलित केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते, आणि त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचून गायिलेल्या ओव्याही आहेत. ह्या संकलनात गाणारणींची नावे नोंदली गेली. नभोवाणीच्या निवेदनात अशा रचनेला 'पारंपरिक' ह्या एका शब्दात गुंडाळण्याची रीत आहे. आंबेडकरांवरील ओवी परंपरेने हाती दिलेली नाही. ती विसाव्या शतकातील बाईने रचली, हे त्या शब्दाने झाकले जाते.

पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक केंद्रे निघाली. बीडला झाले, अहमदनगरलाही झाले. दूरध्वनीवरून फर्माइश स्वीकारणारे कार्यक्रम सुरू झाले आणि श्रोत्याला प्रथमच निवडीचा अधिकार मिळाला असे म्हटले गेले. तो अधिकार केंद्राच्या संग्रहाएवढाच आहे. फर्माइश करावयाची तर गीताचे नाव, निदान मुखडा सांगावा लागतो. ओवीला दोन्ही नाहीत.