कृष्णवर्णीय साहित्य, ग्रंथांची देवाणघेवाण आणि समूहभान

प्रस्तावना :
अमेरिकेतील कृष्णवर्णीय साहित्याचा मराठी वाचकास झालेला परिचय प्रामुख्याने दलित साहित्याच्या संदर्भात झाला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले होते. साहजिकच वेदना, नकार आणि विद्रोह या सूत्रांभोवती आपली तौलनिक चर्चा फिरत राहिली. ही सूत्रे यथार्थ आहेत. परंतु हे ग्रंथ कोणी, कोणाला, कोठे वाचावयास दिले, हा प्रश्न दुर्लक्षित राहिला. ग्रंथवाचनाने व्यक्ती जागृत होते. समूह मात्र ग्रंथ वाटून घेतल्यानेच घडतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दोन आत्मकथने :
फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मकथनातील अक्षरओळखीचा प्रसंग अभ्यासक्रमांतून सर्वपरिचित आहे. मालकाने शिकण्यास बंदी केल्यावर त्यांनी गरीब गोऱ्या मुलांना भाकरी देऊन अक्षरे मिळविली. त्यामानाने पुढील प्रसंगाची चर्चा कमी होते. फ्रीलंड यांच्या शेतावर असताना सहकारी गुलामांनी जुनी अंकलिपीची पुस्तके गोळा केली आणि डग्लस त्यांना रविवारी शिकवू लागले. एका वेळी चाळिसाहून अधिक विद्यार्थी तेथे येत. ही शाळा एका स्वतंत्र कृष्णवर्णीयाच्या घरी भरे. त्याला धोका पोहोचू नये म्हणून डग्लस त्याचे नाव सांगत नाहीत. निवेदनातील हे मौन म्हणजे त्या समूहाप्रती पाळलेली निष्ठाच होय. पुढे पलायनाचा बेतही याच शेतावरील सोबत्यांबरोबर आखला जातो.

रिचर्ड राईट यांच्या 'ब्लॅक बॉय' (१९४५) मध्ये याच्या उलट चित्र दिसते. मेम्फिस येथील ग्रंथालयातून कृष्णवर्णीयांना स्वतःसाठी पुस्तके मिळत नसत. एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड व बनावट चिठ्ठी घेऊन राईट पुस्तके आणतात आणि ती लपवून वाचतात. या वाचनाने त्यांची दृष्टी विस्तारते. मात्र भोवतालच्या जगापासूनचे अंतरही वाढते. वाचलेले कोणाशी बोलावे, हा प्रश्न उरतो. राईट यांच्या एकाकीपणाचे श्रेय केवळ त्यांच्या प्रतिभेला देणारी समीक्षा अपुरी ठरते. त्या एकाकीपणाला बंद ग्रंथालयाचेही कारण आहे.

हार्लेमचे ग्रंथालय :
न्यूयॉर्कमधील हार्लेम येथे १३५ व्या रस्त्यावरील सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाखेने या प्रश्नाला संस्थात्मक उत्तर दिले. १९२५ साली तेथे कृष्णवर्णीय साहित्य व इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पोर्तो रिकोत जन्मलेल्या आर्तुरो शॉम्बर्ग यांनी आयुष्यभर जमविलेला संग्रह १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनने दहा हजार डॉलर्सना विकत घेऊन या ग्रंथालयास दिला. खाजगी कपाटातील ग्रंथ अशा रीतीने सर्वांचे झाले. कादंबरीकार नेला लार्सन यांनी याच शाखेत ग्रंथपाल म्हणून काम केले होते. हार्लेमच्या साहित्यिक नवजागरणाचा इतिहास लिहिताना कवी व कादंबरीकारांच्या बरोबरीने या ग्रंथालयाचा विचार व्हावयास हवा.

अर्थात दुर्मीळ ग्रंथ जपणे आणि ते सर्वांना देणे यांत ताण असतो. केवळ जतनावर भर दिल्यास वाचक दुरावतो. केवळ देवघेवीवर भर दिल्यास पुढील पिढीसाठी ग्रंथच उरत नाही. हा ताण कोणत्याही ग्रंथालयास टाळता येत नाही.

निष्कर्ष :
डग्लस, राईट आणि हार्लेम यांचा एकत्रित विचार करता साहित्यकृतीचा आशय आणि तिच्या प्रसाराची व्यवस्था वेगळ्या काढता येत नाहीत, हे स्पष्ट होते. कृष्णवर्णीय व दलित साहित्याच्या तौलनिक अभ्यासात विद्रोहाच्या प्रतिमांबरोबरच वाचनालये, वसतिगृहे, नियतकालिके आणि हातोहात फिरलेल्या प्रती यांचाही शोध घेणे आवश्यक आहे. आपण प्राध्यापक राईट यांची चोरून वाचलेली पुस्तके वर्गात आस्थेने शिकवितो. त्याच वेळी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील कपाटे विद्यार्थ्यांसाठी किती उघडी आहेत, हेही तपासणे अगत्याचे आहे.