कोड तयार करून देणारं टूल: डॉक्युमेंटेशन कुठे चांगलं आहे, कुठे कमी पडतं

पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने मागच्या आठवड्यात विचारलं, "दादा, डेटा भरायचा फॉर्म रेडीमेड टूलने बनवला तर थिसिसमध्ये त्याचं काय लिहायचं?" मी म्हटलं, आधी त्या टूलचं डॉक्युमेंटेशन नीट वाच, मग बोलू. आज तेच तुमच्यासोबत करू या. टूल आहे शॅडसीएन यूआय.

ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बटन, इनपुट, लेबल, तक्ता असे स्क्रीनवरचे तुकडे परत परत लागतात. त्यांना कंपोनंट म्हणतात. एरवी आपण ते एखाद्या लायब्ररीतून घेतो आणि त्यांचा कोड लायब्ररीकडेच राहतो. २०२३ साली आलेलं हे टूल वेगळं चालतं. तुम्ही 'अ‍ॅड बटन' अशी कमांड देता आणि बटनचा पूर्ण कोड तुमच्या फोल्डरमध्ये येऊन पडतो. त्या क्षणापासून तो कोड तुमचा.

डॉक्युमेंटेशनची पहिली चांगली बाजू हीच आहे, की ते सुरुवातीलाच सांगतं: ही कंपोनंट लायब्ररी नाही. का नाही, तेही समजावतं. दुसरी बाजू म्हणजे शिस्त. प्रत्येक कंपोनंटचं पान जवळपास एकाच साच्यात आहे. आधी नमुना, मग बसवायची पद्धत, मग वापर, मग उदाहरणं. कमांड चालवायची नसेल तर हाताने कॉपी करायची पद्धतही दिलेली असते. सेटिंगच्या फाईलबद्दल लिहिताना काही गोष्टी एकदा निवडल्यावर बदलता येत नाहीत, हेही तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. असं सांगायला फार कमी जण तयार असतात.

मग कमी कुठे पडतं? डॅनिएल प्रोचिडा यांच्या डायटॅक्सिस पद्धतीत डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार मानतात: शिकवणी, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण. इथे कृती आणि संदर्भ भक्कम आहेत. पण कोड तयार करणाऱ्या टूलला एक प्रश्न हमखास येतो: कोडमध्ये मी बदल केले आणि तीच कमांड परत चालवली, तर माझ्या बदलांचं काय? मी वाचलं तेव्हा 'ओव्हरराईट' या पर्यायापुढे, असलेल्या फाईलवर नवी फाईल लिहिली जाते, एवढंच एका ओळीत होतं. वाक्य खरं आहे. पण त्याचा अर्थ मला कळला तो चुकल्यावर.

आमच्या कामात शहादा आणि धडगाव भागातल्या विहिरींच्या पाण्याचे नमुने आहेत. फॉर्म मीच बनवला. नायट्रेटच्या रकान्याखाली 'आकडा नायट्रेट म्हणून, मि.ग्रॅ. प्रति लिटर' अशी सूचना मी थेट तयार झालेल्या इनपुटच्या फाईलमध्ये घुसवली होती. शॉर्टकट, दुसरं काय! पुढे दिसणं सुधारावं म्हणून कमांड परत चालवली. टूलने 'फाईल बदलू का?' असं विचारलं, मी न वाचता 'हो' दाबलं. सूचना गेली. त्यानंतर दोन जणांनी किटवर दिसलेला आकडा, म्हणजे 'नायट्रेट-नायट्रोजन', तसाच भरला.

फरक किती पडतो बघा. नायट्रोजनचा आकडा सुमारे ४.४ ने गुणला की नायट्रेटचा आकडा मिळतो. आयएस १०५००:२०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ आहे. किटवर १२ आलं तर ते खरं ५३ असतं. आमच्या तक्त्यात ती विहीर १२ वर, एकदम सुरक्षित! कागदी वहीत किटचं एकक लिहिलेलं होतं म्हणून चूक सापडली. नाहीतर ज्या विहिरीचं पाणी पिऊ नका म्हणायला हवं, तिला आम्हीच चांगलं म्हटलं असतं.

चूक माझीच. तरीही समीक्षा म्हणून सांगतो, अशा ठिकाणी संदर्भाची एक ओळ पुरत नाही, स्पष्टीकरणाचा एक परिच्छेद लागतो. तुलनेला अँग्युलरची कमांड घ्या. तिच्यात 'ड्राय रन' आहे, म्हणजे फाईल न लिहिता काय काय होणार ते आधी दिसतं. 'पुढे काय होईल' हा वापरणाऱ्याचा प्रश्न तिथे धरलेला आहे.

दुसरी उणीव संशोधनाच्या नजरेतून आहे. सूचनांमध्ये कमांड 'लेटेस्ट' लावून दिलेली असते. म्हणजे तीच कमांड दोन वेगळ्या दिवशी वेगळा कोड देऊ शकते. २०२५ मध्ये टेलविंड ४ आणि रिअ‍ॅक्ट १९ साठी हे कंपोनंट नव्याने लिहिले गेले, त्यामुळे २०२४ चं बटन आणि नंतरचं बटन सारखं नाही. सेटिंगच्या फाईलमध्ये कंपोनंटची आवृत्तीही नोंदलेली नसते. ती नोंद तुम्हालाच ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट आपल्या लिपीची. लेबलची ओळ-उंची मुळात इंग्रजीच्या मापाने घट्ट ठेवलेली आहे. मराठी लेबल दोन ओळींचं झालं की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. उंची एका जागी बदलली की काम होतं, पण तो बदलसुद्धा कमांड परत चालवल्यावर पुसला जाऊ शकतो.

तर त्या ज्युनिअरला मी शेवटी हे सांगितलं, तुम्हालाही सांगतो. कमांड चालवायच्या आधी आणि नंतर गिटमध्ये कमिट करा. तारीख आणि टूलची आवृत्ती लिहून ठेवा. तयार फाईलला हात न लावता, आपली भर तिला गुंडाळणाऱ्या वेगळ्या फाईलमध्ये घाला. आणि हाताने काय बदललं, का बदललं, हे एका पानावर लिहा. थिसिसच्या पद्धती प्रकरणात तेच पान जातं. टूलचं डॉक्युमेंटेशन टूलवाले लिहितील, तुम्ही त्यात केलेल्या बदलांचं कोण लिहिणार?