‘हे चाललं नाही तर?’ : लिनक्सवरील व्हर्च्युअलायझेशनच्या प्राथमिक मार्गदर्शिकांविषयी

कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते. पण संगणकावर एखादी गोष्ट बसवण्याच्या सूचनांची कसली समीक्षा करायची, असा प्रश्न विषय वाचून काहींना पडला असेल. आमचं म्हणणं असं आहे की, या लेखनाची समीक्षा होत नाही म्हणूनच ते इतकं ढिसाळ राहिलंय. कादंबरी फसली तर वाचक लेखकाला दोष देतो. मार्गदर्शिका फसली तर तो स्वतःला दोष देतो. ‘आपल्याला हे जमणारं नाही’ म्हणून बाजूला होतो, आणि लेखकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आज एकच उदाहरण घेऊ. लिनक्सवर व्हर्च्युअलायझेशन कसं सुरू करायचं, म्हणजे एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक कसा चालवायचा. या विषयावर नवशिक्यांसाठी भरपूर लिहिलं गेलंय. त्यातलं बरंच आम्ही वाचलंय, आणि एक मार्गदर्शिका आम्हीही लिहिली आहे. त्यामुळे आजची टीका आम्हालाही लागू आहे. किंबहुना सुरुवात आमच्यापासूनच करू.

आमच्या पहिल्या मसुद्यात पहिली पायरी अशी होती : प्रोसेसरची माहिती देणारी फाईल उघडा, त्यात ‘व्हीएमएक्स’ किंवा ‘एसव्हीएम’ हा शब्द असलेल्या ओळी मोजा. पहिला शब्द इंटेलचा, दुसरा एएमडीचा. शून्य आलं तर तुमचा प्रोसेसर हे काम करू शकत नाही. पुढं वाचू नका.

मसुद्याच्या पहिल्या वाचक होत्या एक विद्यार्थिनी. त्यांनी जुना लॅपटॉप घेतलेला होता. त्यांना शून्य आलं. आमच्यावर विश्वास ठेवून त्या थांबल्या, आणि नवा लॅपटॉप घ्यायला घरी पैसे मागावेत का, या विचारात पडल्या. लॅपटॉप ठणठणीत होता हो. बायोसमधलं एक बटण बंद होतं, इतकंच. चालू केलं, दोन मिनिटांत काम झालं. आमच्या एका चुकीच्या वाक्याची किंमत एका घराला मोजावी लागली असती.

आता चूक कुठे झाली ते बघा, कारण ती फक्त आमची नाही. जुन्या कर्नलमध्ये बायोसमधून सोय बंद असली तरी इंटेलच्या प्रोसेसरवर तो शब्द दिसायचा. म्हणजे ‘शब्द आहे, तर सगळं ठीक’ हे तेव्हाही खोटंच होतं. साधारण २०२० पासूनच्या कर्नलमध्ये सोय बंद असेल तर तो शब्दच काढून टाकला जातो. म्हणजे ‘शब्द नाही, तर प्रोसेसर नालायक’ हे आता खोटं. त्याच सुमाराला त्या फाईलमध्ये ‘व्हीएमएक्स फ्लॅग्स’ अशी एक वेगळी ओळही येऊ लागली, त्यामुळे इंटेलवर तोच आकडा दुप्पट येतो. तरीही ‘आलेला आकडा म्हणजे तुमचे कोअर’ हे वाक्य एका मार्गदर्शिकेतून दुसरीत जसंच्या तसं उतरत आलंय. कोणी पुन्हा मोजून पाहिलेलं नाही.

हा या लेखनप्रकाराचा पहिला दोष. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर सगळं आधीच चालू असतं. बायोसचं बटण त्याने कधीतरी दाबलेलं असतं आणि तो विसरून गेलेला असतो. जमलेल्या माणसाला न जमण्याचे दिवस आठवत नाहीत. म्हणून मार्गदर्शिकेत फक्त यशाचा रस्ता असतो, आणि नवशिका नेमका त्याच रस्त्यावर नसतो.

दुसरा दोष ‘गाईड’ या शब्दातच आहे. आपल्याकडे गाईड म्हटलं की दहावीचं गाईड आठवतं. खाली तयार उत्तर, तेवढं उतरवून काढायचं. यातल्या बहुतेक मार्गदर्शिका त्याच जातीच्या. ही आज्ञा टंका, मग ही, मग ही. झालं! पण प्रत्येक आज्ञेनंतर पडद्यावर काय दिसायला हवं, हे कुठे लिहिलेलं असतं? फार थोड्या ठिकाणी. पाककृतीत ‘मोहरी तडतडली की’ असं म्हणतात ना, तेवढा तरी धागा हवा. मोहरी तडतडली नाही तर तेल तापलेलं नाही, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. आज्ञांच्या यादीत तडतडणं नसतं.

एक उदाहरण देतो. जवळपास प्रत्येक ठिकाणी सांगतात, ‘स्वतःला लिबव्हर्ट या गटात सामील करून घ्या.’ आज्ञा दिली जाते, ती मुकाट्याने चालते, पडद्यावर काहीही येत नाही. मग खिडकी उघडली की परवानगी नाकारली जाते. कारण गटातला बदल पुन्हा लॉग-इन केल्याशिवाय लागू होत नाही. एवढं एक वाक्य! ते नसल्यामुळे वाचक पुढची संध्याकाळ भलतीकडे शोधत बसतो, आणि शेवटी प्रत्येक गोष्ट ‘सुडो’ लावून चालवायला शिकतो. म्हणजे अपुऱ्या सूचनेतून वाईट सवय लागते.

त्याहून वाईट प्रकार फाईलींच्या परवानग्यांचा. नवशिका उबुंटूची किंवा फेडोराची आयएसओ फाईल स्वतःच्या डाउनलोड्समध्ये ठेवतो. व्हर्च्युअल मशीन मात्र वेगळ्या, मुद्दाम कमी अधिकार दिलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं. त्याला तुमच्या घरात, म्हणजे होम डिरेक्टरीत, डोकावता येत नाही. यावर काही लेखक काय सुचवतात? सगळ्या फोल्डरला सगळ्यांना पूर्ण परवानगी द्या. किंवा सेटिंग बदलून मशीनच रूटच्या नावाने चालवा. किंवा एसईलिनक्स बंद करा. अरे, घराची किल्ली सापडत नाही म्हणून दारच काढून ठेवायचं? फाईल लिबव्हर्टच्या ठरलेल्या प्रतिमांच्या फोल्डरमध्ये हलवली की काम होतं. यात तांत्रिक चूक आहेच, पण आम्हाला ती नैतिक चूकही वाटते. नवशिक्याला परिणाम माहीत नसतात, म्हणून तो आपल्यावर विसंबतो. त्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन आपलं वाक्य सोपं करायचं नसतं.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. काही मार्गदर्शिका शास्त्रशुद्ध असतात. पहिलं प्रकरण व्याख्यांचं : हायपरव्हायजरचे दोन प्रकार, पहिला थेट हार्डवेअरवर, दुसरा ऑपरेटिंग सिस्टिमवर. आकृत्या सुरेख. पण आपण जे बसवणार ते केव्हीएम यातलं कुठलं? इथे लेखक अडखळतो. कारण केव्हीएम हा लिनक्स कर्नलचाच भाग आहे. कर्नल स्वतःच हायपरव्हायजरचं काम करतो आणि तरीही नेहमीची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून चालू राहतो. दोन खणांच्या त्या कपाटात तो नीट बसत नाही. मग जी विभागणी आपल्याच विषयाला लागू पडत नाही, ती पहिल्या पानावर कशासाठी?

आमचा सिद्धान्ताला विरोध नाही. पाहिजे तिथे तो यावा, इतकंच. उदाहरणार्थ, बायोसमधलं ते बटण मुळात आलं कुठून, हे सांगायला इतिहास लागतो. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी व्हर्च्युअलायझेशन सुलभ व्हायला प्रोसेसर कसा असावा याच्या अटी मांडल्या. इंटेलच्या पीसीतला एक्स८६ प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हता. त्याच्या काही सूचना अशा होत्या की, अधिकार नसताना चालवल्या तर त्या तक्रार न करता वेगळंच काहीतरी करायच्या. वरून लक्ष ठेवणाऱ्याला कळायचंच नाही. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये अशा सूचना चालता चालता बदलून घेण्याची युक्ती बाजारात आणली. पुढे २००५ आणि २००६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय केली. त्या सोयीवर उभं राहिलेलं केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये, २.६.२० या कर्नलबरोबर लिनक्समध्ये आलं. बस्स. एवढं वाचलं की वाचकाला कळतं, बायोसचं बटण म्हणजे प्रोसेसरमधली ती सोय चालू-बंद करण्याची जागा. मग तो ते न घाबरता दाबतो. सिद्धान्ताचं काम हे आहे.

तसंच नावांचं. केव्हीएम, क्यूईएमयू, लिबव्हर्ट, व्हर्ट-मॅनेजर. चार नावं एका दमात येतात आणि वाचकाला वाटतं, यातलं एक निवडायचंय. निवडायचं काही नाही. केव्हीएम प्रोसेसरचा भाग सांभाळतं. क्यूईएमयू डिस्क, नेटवर्क कार्ड, पडदा यांची सोंगं घेतं. लिबव्हर्ट या सगळ्याचा कारभारी. व्हर्ट-मॅनेजर ही कारभाऱ्याशी बोलण्याची खिडकी. हे चार जण एकाच कामावर आहेत, एवढं आधी सांगितलं तर पुढचा गोंधळ निम्मा होतो. आणि केव्हीएम नसताना क्यूईएमयू एकटंही काम ओढतं, प्रोसेसरचंही सोंग घेतं, फक्त अत्यंत हळू. हे न सांगितल्यामुळे ‘लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन फार रखडतं’ असं मत करून घेतलेले लोक आम्हाला भेटलेत. त्यांच्याकडे केव्हीएम चालूच नव्हतं.

मराठीत लिहिताना आणखी एक प्रश्न येतो. व्हर्च्युअल मशीनला ‘आभासी संगणक’ म्हणण्याची पद्धत आहे. शब्द कानाला बरा वाटतो, पण आम्हाला तो पटत नाही. आभास म्हणजे जे दिसतं पण नसतं. इथे तर सगळं असतं! आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर आत चार जीबी दिली की, ती वापरात आल्यावर बाहेर खरोखर चणचण जाणवते. आत वीस जीबीची डिस्क बनवली की सुरुवातीला बाहेरची फाईल लहान दिसते, मग ती फुगत जाते. आतलं काही पुसलं तरी ती आपोआप आक्रसेलच असं नाही. बाहेरची डिस्क भरली की आतलं मशीन मध्येच थांबतं. आभास म्हटल्यावर वाचकाला वाटतं, आत काहीही केलं तरी बाहेर धक्का नाही. त्यापेक्षा होस्ट आणि गेस्ट यांसाठी ‘यजमान’ आणि ‘पाहुणा’ हे शब्द कितीतरी खरे आहेत. पाहुणा खरा असतो, जेवतो, जागा अडवतो. चार पाहुणे एकदम आले की काय होतं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा दोष : वाचक कोण हेच ठरवलेलं नसतं. नेटवर्कच्या प्रकरणात हे उघडं पडतं. कित्येक जण लगेच ‘ब्रिज’ बनवायला सांगतात, म्हणजे पाहुण्याला घरच्या नेटवर्कवर स्वतःचा पत्ता मिळेल. हे तारेच्या जोडणीवर छान चालतं. आपला वाचक मात्र होस्टेलच्या खोलीत वायफायवर बसलेला असतो, आणि साध्या वायफायवर हा ब्रिज सहसा चालत नाही, कारण ॲक्सेस पॉइंट ओळख पटलेल्या एकाच हार्डवेअर पत्त्याची पाकिटं स्वीकारतो. लेखक सर्व्हर रूममध्ये बसून लिहीत होता, त्याला हे सुचलं नाही. खरं तर लिबव्हर्टचं आयतं नेटवर्क नवशिक्याला पुरेसं असतं. १९२.१६८.१२२ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, पाहुणा बाहेर जाऊ शकतो, यजमान त्याला भेटू शकतो, फक्त बाहेरचा कोणी थेट आत येऊ शकत नाही. पहिल्या दिवशी याहून जास्त काय हवं?

तसाच एक सापळा. खिडकीत मशीन दिसतंय, पण ‘व्हर्श’ची यादी मागवली की रिकामी. वाचक हबकतो, मशीन पुसलं गेलं की काय! झालेलं असं असतं की, खिडकी ‘सिस्टिम’च्या दरबारात उभी असते आणि साधी आज्ञा ‘सेशन’च्या. दोन वेगळे कारभार. शिवाय ती यादी फक्त चालू मशीनची असते, बंद असलेली बघायला ‘ऑल’ म्हणावं लागतं. अनुभवी माणसाला यात काही विशेष वाटत नाही. नवशिक्याचा मात्र धीर इथेच सुटतो.

मग चांगली मार्गदर्शिका कशी असते? आम्ही आमची पुन्हा लिहिली तेव्हा तीन नियम केले. पहिला, प्रत्येक पायरीनंतर काय दिसलं पाहिजे ते लिहायचं, आणि ते दिसलं नाही तर पुढं जाऊ द्यायचं नाही. दुसरा, तपासणी आधी. ओळी मोजण्याऐवजी आम्ही आता ‘व्हर्ट-होस्ट-व्हॅलिडेट’ चालवायला सांगतो. ते एकेका गोष्टीपुढे पास किंवा फेल लिहितं. हार्डवेअरपुढे फेल आलं तर आमचं पहिलं वाक्य आहे, ‘बायोस तपासा’. ‘लॅपटॉप बदला’ हे वाक्य आता मार्गदर्शिकेत कुठेच नाही. तिसरा नियम, मसुदा कोऱ्या यंत्रावर आणि कोऱ्या माणसासमोर ठेवायचा, आणि आपण गप्प बसायचं. तो जिथे थांबेल तिथे आपलं वाक्य चुकलं.

यामुळे मार्गदर्शिका लांबली, हा आक्षेप खरा आहे. पाच आज्ञांचं काम कित्येक पानांवर गेलं. ज्याला येतं त्याला ती कंटाळवाणी वाटेल. वाटू दे. त्याच्यासाठी ती लिहिलेलीच नाही.

त्या विद्यार्थिनी पुढे आमच्या दुसऱ्या मसुद्याच्याही पहिल्या वाचक झाल्या. त्यांनी समासात आठ ठिकाणी एकच प्रश्न लिहिला होता, ‘हे चाललं नाही तर?’ आम्हाला मिळालेली सगळ्यात चांगली समीक्षा तीच. आजच्या भाषणाला नावही आम्ही तेच दिलंय. नवशिक्यांसाठी लिहिलेलं काहीही तुमच्या हाती आलं तर समासात हा प्रश्न लिहीत जा, आणि उत्तर सापडलं नाही तर लेखकाला कळवा. आम्हाला तर जरूर कळवा.